खांबापुढचा दहीभात

ही वही कोणी उघडलीच, तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आणि हे वाकडंतिकडं अक्षर सांभाळून घ्यावं. माझी शाळा चौथीत सुटली. हाताला पेनापेक्षा लाटण्याची सवय जास्त.

न्यूझीलंडमधल्या लोअर हट या गावात ताईंच्या घरून डबे जातात. पोळ्या-भाज्या मी करते. मला पुण्याहून आणताना तिकिटाचे, व्हिसाचे पैसे ताईंनी भरले, वर माझ्या मुलीच्या लग्नाला उचलही दिली. ते फिटेपर्यंत माझा पासपोर्ट त्यांच्या कपाटात. पगारातून पैसे कापले जायचे, पण किती राहिले ते त्या सांगत नसत आणि विचारायला माझी जीभ रेटत नसे.

नाताळात डबे बंद होते. ताई आणि त्यांचे यजमान, मी त्यांना दादा म्हणते, समुद्राकडे फिरायला निघाले. स्वयंपाकाला मला घेतलं. खडीचा रस्ता संपला तिथे टेकाडावर एक कोरलेला लाकडी खांब होता. त्यावरच्या चेहऱ्याला शिंपल्याचे डोळे. खालची पाटी दादांनी वाचून सांगितली. इथल्या मूळच्या माओरी टोळ्यांच्या जुन्या लढाईत धरून आणलेली माणसं इथे गुलाम म्हणून राबायची. एका पहाटे ती मालकांवर उठली. बरीचशी इथेच मेली.

"फोटो काढून निघू," ताई म्हणाल्या. "इथे रेंजसुद्धा नाही."

दोघं कड्याकडे गेली. मी खांबापाशी राहिले. वाऱ्याने गवत आडवं होत होतं, पण आवाज कसलाच नव्हता. मला वाटलं, आपल्या माणसांपासून लांब मेलेली ही माणसं, यांचा दहावा कोणी केला असेल? डब्यात दहीभात होता. कागदी डिशमध्ये मूद काढून ठेवली आणि हात जोडले.

या देशात मी कावळा पाहिलेला नाही. सीगल मात्र शितासाठी झडप घालतात. त्या दिवशी ते कुंपणावर ओळीने बसून राहिले, चोची समुद्राकडे. भाताकडे एकही वळला नाही.

कावळा शिवला नाही की विचारतात तसं मी हळूच विचारलं, "काय राहिलंय तुमचं? सांगा."

मागे कोणीतरी येऊन उभं राहिलं. मानेवर गार श्वास लागला. ताई असतील म्हणावं, तर त्या समोर कड्यावर दिसत होत्या, दादाही. श्वास हलेना. माझ्या उत्तरासाठी थांबल्यासारखा. जणू प्रश्न मलाच होता.

"मला माझा पासपोर्ट पाहिजे," मी मोठ्याने म्हणाले. सगळे पक्षी एकदम उडाले. ओरडला एकही नाही. कड्यावरच्या ताईंनी वळून पाहिलं.

"काय हो मावशी, भुतांशी बोलताय?" जवळ येत त्या म्हणाल्या, पण हसल्या नाहीत.

तेवढ्यात खालच्या घरातून एक माओरी आजी वर आल्या. किया ओरा म्हणून नमस्कार केला आणि भाताकडे बोट दाखवत इंग्रजीत काही सांगितलं.

"मेलेल्यांच्या जागी अन्न आणत नाहीत म्हणतात," दादांनी सांगितलं. "उचला, मावशी."

मी लाजेने अर्धी झाले. शीत न् शीत वेचलं. आजी रागावल्या नाहीत. कुंपणाच्या फाटकापाशी, आपल्याकडे स्मशानातून परतल्यावर घालतात तसं, त्यांनी माझ्या हातांवर पाणी घातलं. मग माझ्या शेजारी, जिथे कोणी नव्हतं, तिथेही तेवढंच घातलं.

गाडीत ताई म्हणाल्या, "पासपोर्टचं काय काढलंत मध्येच? पैसे फिटले की देते म्हटलंय ना?"

"किती राहिलेत?"

"आत्ता? मला काय तोंडपाठ आहे?"

"तुम्हाला नसेल तर कोणाला असेल, ताई?" माझी मान अजून गार होती.

दादांनी गाणं बंद केलं. "सांगून टाक गं. विचारतायत त्या."

ताईंनी आकडा सांगितला. मी मनात धरला होता त्याच्या निम्माही नव्हता.

त्यानंतर दर पगाराला मी विचारत राहिले. ताई आधी चिडायच्या, मग आपण होऊन सांगू लागल्या. गेल्या शुक्रवारी त्यांनी शेवटचे तीनशे डॉलर कापले आणि पासपोर्ट ओट्यावर आणून ठेवला. पैसे सगळे फिटले.