सोटाच्या टोकाचे लाल कापड

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली चौक गावची ती दुपार विसरू म्हटले तरी विसरता येत नाही. तेव्हा मी खालापूरच्या ठाण्यात फौजदार होतो. ठाणे म्हणजे कौलारू इमारत, पुढे ओटा, आणि ओट्यावर रोज सकाळी हजेरी. हजेरी आटोपली की आमचा हवालदार चुलीवर गुळाचा चहा ठेवायचा. पुढे मोठमोठ्या शहरांत बदल्या झाल्या, पण तसा चहा मला पुन्हा कुठे मिळाला नाही.

रस्त्यावर गाड्या कमी. पेट्रोल लष्कराकडे जायचे, म्हणून लॉऱ्या कोळशाच्या वायूवर चालत. केबिनच्या बाजूला उंच टाकी आणि तिच्यात निखारे. चढ आला की लॉरी अशा धापा टाकायची, की बाजूने चालणारा माणूस तिला मागे टाकून जाई. आम्ही हसायचो. आता त्या धापांचीही आठवण येते.

त्या दुपारी चौकच्या चौकीवरचा शिपाई सायकल दामटत आला. लाकूड वाहणाऱ्या लॉरीने एका गाडीवानाला जखमी केले, अशी त्याची खबर होती. मी हवालदाराला घेऊन निघालो.

लॉरी कर्जतहून पनवेल बंदराकडे चालली होती. तिच्यावर सागाचा एकच सोट, म्हणजे सरळ अखंड ओंडका होता, गलबताच्या डोलकाठीसाठी. मागे तो चांगला बैलगाडीच्या लांबीइतका बाहेर आला होता. अशा लांब मालाला वेगळा परवाना लागे. त्याच्या अटी साध्या होत्या: प्रवास दिवसाच करायचा, चाल धिमी ठेवायची आणि सोटाच्या मागच्या टोकाला दुरून दिसेल असे लाल कापड बांधायचे. चौकला लॉरी मोठ्या रस्त्याला वळली, तसे सोटाचे टोक उलट बाजूला फिरले आणि शेजारून येणाऱ्या गाडीवानाच्या खांद्यावर बसले. खांद्याचे हाड मोडले. टोकाला कापड नव्हते.

मी मापे घेतली, पंच बोलावले, परवाना ताब्यात घेतला. पंचनाम्यात 'लाल कापड आढळून आले नाही' असे लिहिले आणि माझ्या मते तपास तिथेच संपला. ड्रायव्हर कर्जतकडचाच, तिशीचा माणूस. गुन्हा शाबीत झाला असता तर तुरुंग होता, आणि लायसन तर गेलेच असते.

ठाण्यात आणून मी त्याला समोर उभे केले.

"कापड बांधलंवतं साहेब. कर्जतला मी सोताच्या हातानं बांधलं."

"मग गेलं कुठं?"

"ठाव नाय."

"कसलं कापड होतं? कुठून आणलंस?"

इथे तो गप्प झाला. तेव्हा कापड रेशनवर मोजून मिळे, लाल कापड तर शोधूनही सापडत नसे. म्हणजे याने बांधलेच नाही, असा मी हिशेब केला. मी तोच प्रश्न तीनदा विचारला, तो तीनदा मान खाली घालून उभा राहिला. त्या काळी आमचा हात लवकर उठायचा. माझाही उठला. त्याने गालाला हातसुद्धा लावला नाही.

"लायसन नेऊ नका साहेब," एवढेच म्हणाला. "मला गाडीबिगर दुसरं काय बी येत नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार चहाचा पेला घेऊन त्याच्याजवळ बसला आणि थोड्या वेळाने माझ्याकडे आला.

"साहेब, कापड बायकोच्या लुगड्याचं हाय. लग्नातलं लाल लुगडं, पिवळ्या काठाचं. दुसरं काय मिळंना म्हणून तिनंच पदर फाडून दिला. ठाण्यात चार बाप्यांपुढं बायकोच्या लुगड्याचं नाव कसं काढायचं, म्हणून गडी बोलला नाय."

परवान्याच्या अटीसाठी ज्याच्या घरी लग्नातले लुगडे फाडले, तो माणूस ते न बांधता निघेल कशाला? जो प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा, तो मी तेव्हा कुठे विचारला.

"वाटेत कुठं थांबलास?"

"वाघोबापाशी. नारळ फोडला आन् टाकीतलं निखारं ढवळलं. घटकाभर लागली आसंल."

वाघोबाचे ठिकाण कर्जतहून येताना चौकच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला होते. ड्रायव्हरला बरोबर घेऊन आम्ही तिथे गेलो. झाडाखाली शेंदूर लावलेला दगड, आणि दगडाला गुंडाळलेले पिवळ्या काठाचे लाल कापड. ड्रायव्हरने ते लगेच ओळखले.

जवळच्या ठाकरवाडीतला म्हातारा भगत आम्हाला पाहून पुढे आला. हे कुणी गुंडाळले, असे मी विचारले.

"मीच. रानातला मोठा लाकूड शिवेभाईर नेतात, तवा त्याला कापड बांधतात आन् तो वाघोबाला देऊन जातात. आमची रीत हाय. यानं नारळ फोडला आन् कापड इसरला. म्हंटला, देवाचा देवाला पोचू दे, म्हणून मी सोडला."

"बाबा, मग त्याला सांगितलं का नाही?"

"तो टाकीशी खटपट करत व्हता. आन् चांगल्या कामाचा काय सांगायचा, सायब?"

त्या कापडावाचून एका माणसाचा खांदा मोडला, हे मी त्याला समजावून सांगितले. त्याने स्वतःच कापड उलगडले, माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "लिवा माझा नाव." त्या वाडीतली माणसे खाकी टोपी दिसली की रानात शिरत. हा म्हातारा साक्ष द्यायला खालापूरपर्यंत पायी आला.

कोर्टात गाडीवानही गळ्यातल्या झोळीत हात अडकवून उभा राहिला. "ह्यो पळाला नाय, यानंच मला उचलून दवाखान्यात नेला," असे त्याने सांगितले. मॅजिस्ट्रेटांनी ड्रायव्हरला, थांबून निघताना मागे जाऊन का पाहिले नाहीस, असे खडसावले आणि ताकीद देऊन सोडले. लायसन राहिले. पुढे तो भगत वाघोबापाशी थांबणाऱ्या प्रत्येक लॉरीच्या मागे स्वतः जाऊन बघू लागला. "अरं, तुझा कापड ढिला झाला रं!" ही त्याची हाक मी कितीदा तरी ऐकली आहे. ऐकून बरे वाटायचे.

सुटला त्या दिवशी ड्रायव्हर माझ्या पाया पडायला वाकला. मी मागे सरलो, पण 'चुकलो' हा शब्द काही तोंडातून निघाला नाही. फौजदाराने ड्रायव्हरची माफी मागायची तेव्हा पद्धत नव्हती, आणि ती मोडायची धमक माझ्यात नव्हती. त्यानंतर कुणी उत्तर न देता गप्प राहिला, तर मी आधी त्याला बसायला सांगत असे. त्या खटल्याच्या कागदांत पंचनामा आहे, जबान्या आहेत, परवान्याची नक्कल आहे. मी मारलेली थप्पड मात्र कुठेच नाही. ती नोंद मी आज करतो आहे.