परताव्यातला गणराजचा वाटा

नाखवा शिवदास दर्याला कधी भ्याला नाही, पण अलिबागला शिवानीच्या ऑफिसचा जिना चढताना त्याचे पाय जड व्हायचे. शिवानी कोळीवाड्यातलीच पोर, आता लोकांची आयकराची विवरणपत्रं भरून देते. शिवदासच्या बोटीला नवं इंजिन हवं होतं, आणि विवरणपत्राशिवाय बँक कर्जाचं नाव काढू देईना.

यंदा एक नवीच भानगड होती. डिझेलवरच्या कराचा सरकारी परतावा बरेच दिवस तुंबला होता, तो एकदम खात्यात आला. सरकारनंच दिलेल्या पैशाला सरकार कर कसा लावेल, असं शिवदासचं म्हणणं. देवानं प्रसाद द्यावा आणि वर दक्षिणा मागावी, असं कुठं असतं का? शिवानी हसली. डिझेलचा खर्च दाखवून मिळकत तेव्हाच कमी केली होती, त्यातलं काही परत आलं तर ते मिळकतीत धरायलाच हवं, असं तिनं समजावलं. ते त्याला पटलं, पण तो खुर्चीत चुळबुळत राहिला.

"समदं माजंच धरलंस काय?"

"तुमच्या खात्यात आलंय, काका. मग तुमचंच."

घोडं पेंड खात होतं ते इथेच. बोटीचा रिवाज असा, की मासळी विकली की आधी डिझेल, बर्फ, शिधा यांचे पैसे काढायचे आणि मग उरलेल्याचे वाटे पाडायचे. म्हणजे डिझेलचा भार खलाशांच्याही पोटावर. म्हणून परतावा आल्या आल्या शिवदासनं ते डिझेल जळलं तेव्हाचे खलाशी पडवीत बसवले, नारळ फोडला आणि मासळीसारखे परताव्याचेही वाटे केले. कागद नाही, सही नाही. शिवानीनं कपाळाला हात लावला. दिलेले वाटे खर्चात घालता येतील, पण प्रत्येकाची पावती आणा, ती म्हणाली. सगळ्यांना पोचले ना?

शिवदास पंख्याकडे बघू लागला. पडवीत गणराज तेवढा नव्हता; त्याचा वाटा अजून देव्हाऱ्यामागे पाकिटात होता. गणराज शिवदासचा लहानपणापासूनचा सोबती. सुकाणू गणराजच्या हातात असताना जाळं खडकात फाटलं, आणि शिवदासनं त्याला भर धक्क्यावर नाही नाही ते सुनावलं. गणराज दुसऱ्याच्या बोटीवर गेला. त्यानंतर दोघं समोरासमोर आले तरी तोंडं फिरवायचे.

मग तेवढे तुमच्याच मिळकतीत राहू द्या, शिवानी म्हणाली. तेवढ्यानं मिळकत करमाफीच्या मर्यादेबाहेर जात नव्हती, म्हणून कर काही वाढत नव्हता, उलट मिळकत जास्त दिसली तर बँक कर्जही जास्त देणार होती. आयतीच सोय. तरी शिवदास काही न ठरवता घरी आला आणि बायकोला, सगुणाला, सगळं सांगितलं. सगुणा बोंबील वाळत घालत होती. तिनं मान वर केली नाही.

"घरात चणचण व्हती तवा त्या पाकिटाला हात लावला न्हाय. गनराजचं हाय म्हनलात. मंग सरकारपुढं माजं कसं म्हननार?"

संध्याकाळी शिवदास पाकीट आणि पावती घेऊन किनाऱ्यावर गेला. गणराज जाळं विणत बसला होता. मी बोट सोडली, आता वाटा कसला, तो म्हणाला.

"डिझेल जललं तवा तू व्हतास," शिवदास म्हणाला. "आन् जाल्याला तुजा दोस नव्हता. पान्याचा वढा व्हता. मना त्याच दिवशी कललेलं."

गणराजनं जाळं बाजूला ठेवून पाकीट घेतलं. मग त्यानं सही केली आणि इंजिन कुठल्या कंपनीचं घेतोस म्हणून विचारलं. अंधार पडेपर्यंत दोघं इंजिनावरच वाद घालत बसले. घरी परतताना शिवदास स्वतःशीच गुणगुणत होता. इतकं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

विवरणपत्र खरं भरलं गेलं. बँकेनं कर्ज दिलं, पण लागत होतं त्यापेक्षा जरा कमी. इंजिन बसवायच्या दिवशी गणराज कुणी न बोलावताच पाना घेऊन हजर झाला आणि खिशातून तेच पाकीट काढून त्यानं शिवदासच्या हातात ठेवलं. ते अजून फोडलेलंही नव्हतं.

"पैसं कमी पडतंय ना, घे," तो म्हणाला. "माज्या पुढच्या वाट्यासंगं दे."

वाटा बोटीवर असणाऱ्यालाच मिळतो, हे कोळीवाड्यात शेंबडं पोरही जाणतं. शिवदासचे डोळे भरून आले. ते पुसत त्यानं आधी सगुणाला हाक मारून पावती लिहायला कागद मागवला.