पहिले कोणाला धरलं?

कुडव्याच्या आमच्या वाचनालयात जुनी रहस्यकथा परत द्यायला गेलं की ग्रंथपाल लताकाकू पुस्तकावर हात ठेवून विचारायच्या, "खुनी कोन, थे नोको सांगू. पोलिसानं पयले कोनाले धरलं, थे सांग." उत्तर दिल्याशिवाय दुसरं पुस्तक नाही म्हणजे नाही! लोक वैतागायचे. मी त्यांच्या हाताखालची मदतनीस. मला तर वाटायचं, बाईंचं डोकं फिरलंय.

उत्तर मात्र बहुतेक वेळा ठरलेलं: माळी, नाहीतर स्वयंपाकीण, नाहीतर बाहेरगावचा कोणी. काकू लाल पेन्सिलीने त्या नावाखाली रेघ ओढायच्या. 'पुस्तकांवर रेघा मारू नयेत' ही पाटी त्यांच्याच डोक्यावर टांगलेली, पण सांगणार कोण!

"राजकारन भासनातच रायते का व? थे पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरनात रायते. बंगल्यात खून झाला का मालकाले 'बसा साहेब', अन् गड्याले 'चाल ठान्यात'."

"पण शेवटी गुप्तहेर त्याला सोडवतो ना, काकू?"

"सोडवते. मंग त्याची माफी कोन मांगते? सगरे तं चाय पेत बसतेत."

गेल्या हिवाळ्यात वाचनालयाची स्पीकरची पेटी नाहीशी झाली. आमच्या वाचनालय समितीचे अध्यक्ष एका पक्षाचे मोठे कार्यकर्ते. समितीच्या लोकांसोबत आल्या आल्या म्हणाले, "चाबी सुखदेव के पास रहती है ना? फिर पूछना क्या!" सुखदेवभाऊ आमचे शिपाई, सालेकशाकडच्या जंगलपट्टीतले, बोलणं मोजकं. अध्यक्षांनी सांगितलं आणि मी मुकाट्याने तक्रार लिहिली. 'संशयित'पुढे त्यांचं नाव, तेही वळणदार अक्षरात. तो कागद ठाण्यात गेला असता तर त्यांची नोकरी संपलीच होती. ते झाडू धरून दारात उभे होते.

काकूंनी कागद ओढून घेतला आणि नावाखाली लाल रेघ मारली.

"दुसरं प्रकरन झालं, अध्यक्षसाहेब. बाकीचं पुस्तक वाचाचं हाये का नाई? बिरशीच्या सभेचं तुमचं मोबाइलवरचं स्टेटस दाखवा बरं."

फोटोत अध्यक्ष हात उंचावून बोलत होते. पायाशी पेटी, आणि पेटीवर पांढऱ्या रंगात आमच्या वाचनालयाचं नाव!

"अरे, लडके उठा ले गये होंगे," म्हणत अध्यक्ष हसले. समितीही हसली. चहा मागवला गेला. तो आणला कोणी? सुखदेवभाऊंनी. आम्ही सगळे प्यायलो, मीसुद्धा. काकूंनी कपाला हात लावला नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "कागदावरचं अक्षर कोनाचं हाये व?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मागे गेले. सुखदेवभाऊ नळावर कप विसळत होते.

"चुकलं माझं, भाऊ. माफ करा मला."

त्यांनी हातातला कप नीट पालथा घातला. मग म्हणाले, "तीन हापिसात काम केलो, मॅडम. धराले लय जन आले. माफी मांगाले तुमीच पयल्या."

काकू यंदा निवृत्त झाल्या. त्यांची खुर्ची आणि लाल पेन्सिल आता माझ्याकडे आहे. पुस्तक परत आलं की मी त्यांचा प्रश्न विचारतेच, वर एक माझाही विचारते: त्याची माफी कोणी मागितली? वाचक परत शेवटचं पान उघडून बघतात. अजून एकालाही सापडलेली नाही.