कड्यावरचा तिसरा मुक्काम

बालाघाटाच्या कडेकडेने आठ दिवस चालता येईल अशी एक पायवाट आखायचं ठरलं, तेव्हा तिच्यावरच्या मुक्कामाच्या जागा निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी बीडच्या एका कॉलेजात तीस वर्षं भूगोल शिकवला होता, हे एक कारण. दुसरं असं की समितीत माझ्याखेरीज सगळे पुढारी किंवा पुढाऱ्यांचे मेहुणे होते, आणि त्यांतला एकही गाडी जाते त्यापलीकडे डोंगरात गेलेला नव्हता.

समितीने छापील तक्ता दिला होता. प्रत्येक जागेसमोर चार रकाने: दृश्य, सपाटी, पाणी, स्वच्छता. सर्वांत जास्त गुण दृश्याला. बाहेरची माणसं इथं बघायला येणार, पाणी काय बाटलीतून आणतील, असं समितीचे अध्यक्ष बैठकीत म्हणाले. आमच्या जिल्ह्यात पाण्याबद्दल इतक्या बेफिकिरीने कुणी बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. अध्यक्षांना सगळे ‘साहेब’ म्हणत, म्हणून मीही म्हणत असे.

तंबू आणि पाण्याचे कॅन वर न्यायला पालीच्या वरच्या माळावर बिऱ्हाड टाकून बसलेल्या एका मेंढपाळाची घोडी मिळाली. माणूस पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. त्याची बायको त्याच्या वाट्याचंही बोलायची. घोडी तांबडी, बारकी, आणि चढाला माझ्यापेक्षा बरी. वर्षाचे आठ महिने त्या दोघांचं घर तिच्या पाठीवर असे: भांडी, घोंगडी, मेंढरं कोंडायची जाळी, कोंबड्यांची डालगी, वाटेत जन्मलेलं एखादं कोकरू. ज्वारी निघून रानं मोकळी झाली की गोदाकाठचा एक शेतकरी खतासाठी त्यांची मेंढरं आपल्या रानात बसवून घ्यायचा. यंदाही शब्द दिलेला होता. वेळेत पोचलं नाही तर तो दुसऱ्याची मेंढरं बसवणार, आणि मग ऐन उन्हाळ्यात एवढी मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी कुठं जायचं हा प्रश्न.

“चार दिस न्या,” मेंढपाळ म्हणाला. “पर गुरुजी, पाचव्या दिशी घोडी मला पायजे. ती हाय तर आमी हाओत.”

“पाचव्या दिवशी सकाळी दारात उभी करतो,” मी म्हणालो. दार नव्हतंच. पण मास्तरकीत अशी वाक्यं तोंडात बसलेली असतात.

तिसरी जागा दिसली तेव्हा मी तक्ता खिशात ठेवून पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. माळ संपून एकदम कडा तुटतो. खाली बिंदुसरेचं पाणी, पलीकडे निळसर पडत गेलेल्या टेकड्या. कड्याच्या टोकाला जेमतेम दहा तंबूंची सपाट जमीन, आणि ती इतकी स्वच्छ की साऱ्या माळावर मेंढरांच्या लेंड्या पडलेल्या असताना इथं एकही नाही. मी दृश्याला पूर्ण गुण दिले. स्वच्छतेलाही दिले.

मेंढपाळ मात्र घोडी घेऊन बराच मागे थांबला होता.

“इथं बसत नाही का तुम्ही कधी?” मी विचारलं.

“न्हाई.”

“कावून?” त्याच्याशी बोलताना माझी भाषा त्याच्याकडे सरकायची.

“खाली आग्या हाय. लई मोठा. गप हाय तवर गप हाय.”

मी पोटावर पडून खाली पाहिलं. कड्याच्या पोटाला आग्या मोहोळाची सहा-सात पोळी लोंबत होती, प्रत्येक पोळं बैलगाडीच्या चाकाएवढं, आणि त्यांच्या काळ्या अंगावरून मधूनच एक लाट सरकत होती. मी घाबरलो नाही. मला ते सुंदर वाटलं. मोहोळाला धुराचा त्रास होतो हे मी पुस्तकांत वाचलं होतं, म्हणून तक्त्याखाली स्वच्छ अक्षरांत सूचना लिहिली: या जागी चूल किंवा शेकोटी पेटवू नये. लिहून झाल्यावर आपण फार जबाबदार माणूस आहोत असं वाटलं.

साठ वर्षं मी या जिल्ह्यात काढली आहेत. इथं बोअरला पाणी लागलं, मुलगा पास झाला, पुढारी दवाखान्यातून घरी आला, की काय वाजतं ते मला ठाऊक आहे. चूल पेटवू नका असं मी लिहिलं. उद्घाटनाला फटाक्यांची लड लावू नका असं लिहायचं मला सुचलं नाही.

उद्घाटनाचा दिवस आधीच ठरला होता; जागा तिसरीच निवडली, कारण फोटोत ती छान येत होती. चौथ्या दिवशी अकराच्या सुमारास गाड्या जमतील तितक्या वर आल्या. साहेब, त्यांचे पंधरा-वीस कार्यकर्ते, एक फोटोवाला. लोखंडी खांबावर पाटी रोवली होती आणि तिला झेंडूचा हार. पाटीवर साहेबांचं नाव जागेच्या नावापेक्षा मोठं होतं. मला शाल पांघरली. आजवर अशा अकरा शाली माझ्या कपाटात पडून आहेत. त्या कडक उन्हात बारावी अंगावर घेऊन मी उभा राहिलो.

मेंढपाळ मेंढरं पाण्यावर न्यायला खाली जाताना सांगून गेला होता, “बांदू नगा तिला. मोकळी ऱ्हाती, कुठं जात न्हाई.” पण फोटोवाल्याला घोडी चित्रात हवी होती, आणि घोडीला हार हवा होता. दोनदा हाकलली तरी ती परत येऊन झेंडू खाऊ लागली. कार्यकर्ते हसले. साहेबांच्या कपाळावर आठी आली. मग मी पुढे झालो आणि तिला त्याच खांबाला आखूड बांधली. गाठ पक्की मारली.

नारळ फुटला. कुणीतरी ओरडलं, “लाव बे!”

लड कड्याच्या अगदी काठावर अंथरलेली होती, म्हणजे साहेबांच्या अंगावर ठिणगी नको. मी तोंड उघडलं. माझ्या तोंडातून काय निघालं ते मलाच ऐकू आलं नाही.

लड संपली तरी आवाज थांबला नाही. तो वेगळा आवाज होता, खालून येणारा, आधी दूरच्या ट्रॅक्टरसारखा. मग कड्याच्या वर एक काळपट पडदा उभा राहिला आणि आमच्यावर कलला.

प्रदर्शनासाठी उभारलेल्या दोन माणसांच्या तंबूत साहेबांसह सातजण शिरले आणि त्यांनी आतून चेन ओढली. बाहेर एक कार्यकर्ता तंबूला धडका देत होता. “उघड बे! आत कोण हाय? उघड!” आतून साहेबांचा आवाज आला, “जागा न्हाई!” बाकीचे गाड्यांकडे पळत सुटले. मी एका करवंदीच्या जाळीत पालथा पडलो आणि शाल डोक्यावरून ओढून घेतली. मानेवर तीन, हातावर चार-पाच डंख बसले. शालीने बाकीचे अडवले.

हे सगळं मी अनेकदा सांगितलं आहे, आणि ऐकणारे तंबूपाशी हमखास हसतात. पुढचं मी सांगत नाही.

घोडी किंचाळली. घोडं असं ओरडू शकतं हे मला माहीत नव्हतं. शालीच्या फटीतून दिसलं: ती मागच्या पायांवर उभी राहत होती, दोर तिला खाली खेचत होता, आणि तिचा तांबडा रंग दिसेनासा झाला होता. माझ्यापासून ती तीस पावलांवर होती. ती गाठ कशी सुटते हे तिथं एकट्या मला माहीत होतं. मी उठलो नाही. गेलो तर मरेन, गेलो तरी बोटं चालणार नाहीत, कुणीतरी जाईल. कारणं भराभर सुचत गेली आणि प्रत्येक पटत गेलं. मी स्वतःला भित्रा समजत नव्हतो. तसा प्रसंगच कधी आला नव्हता.

मग खालच्या बाजूने एक घोंगडं पळत आलं. आतला माणूस दिसत नव्हता, फक्त पाय. घोंगड्यातून विळा बाहेर आला, दोर तुटला, घोडी खांबाला धडकून उताराला सुटली. दोर कापायला त्याला डोळे उघडे ठेवावे लागले होते. घोंगडं तिथंच गुडघ्यांवर बसलं.

घोडी बरोबर आपल्या बिऱ्हाडापाशी जाऊन पडली होती. गुरांचे डॉक्टर आले, दोन इंजेक्शनं दिली, तिच्या पापण्या वर करून पाहिल्या आणि तिसरं भरता भरता थांबले. उन्हं कलायच्या आत ती गेली. माणसांत कुणी दगावलं नाही. साहेबांना एकही डंख नव्हता. गाडीतून त्यांचा मला फोन आला: पाटी नीट आहे ना?

मेंढपाळ दवाखान्यातून परत आला तेव्हा त्याचा चेहरा सुजून दोन्ही डोळे मिटले होते. घोडीजवळ बसून तो हाताने तिच्या अंगातले काटे शोधून काढत होता. आता त्याचा उपयोग नव्हता. मी शेजारी उभा होतो. बोलली ती त्याची बायको.

“बांदली कुनी?”

“मी.”

“सांगून गेलते न्हवं हे, बांदू नगा म्हनून?”

“हो.”

“मग कावून बांदली?”

“हार खात होती,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिला ते खरोखरच समजत नव्हतं.

“मग खाऊ द्यायचा व्हता की, गुरुजी,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी तिथं गेलो. दुसरं घोडं आणून देतो, दोन दिवस थांबा, असं म्हणून पाहिलं. “शब्द दिलाय,” मेंढपाळ म्हणाला. घोडीचं ओझं त्यांनी वाटून घेतलं होतं: जाळी त्याच्या पाठीवर, भांडी आणि घोंगडी तिच्या डोक्यावर. डालगं आणि दोन दिवसांचं कोकरू जमिनीवर उरलं होतं. बाईने काही न विचारता डालगं माझ्या डोक्यावर दिलं आणि कोकरू काखेत.

“धरा नीट. ते मुततंय,” ती म्हणाली. ते मुतलं.

ती मेंढरांच्या मागे राहिली. मी पुढे, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मेंढपाळ. त्याला उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नव्हतं. दुपारपर्यंत तो मला विचारत राहिला. ओढ्याला ओल हाय का? बांधावर कुंपन घातलंय का? पुढं कुनाची मेंढरं गेलीत, लेंड्या ताज्या हायत का? मी बघून सांगत होतो. अर्धं चुकीचं सांगत होतो, आणि मागून बाई दुरुस्त करत होती.

“डोळे गेले ह्यांचे अन्‌ चष्मा गुरुजीला,” ती म्हणाली. मेंढपाळ पहिल्यांदा हसला, आणि सुजलेलं तोंड दुखलं म्हणून लगेच थांबला.

दिवस उतरताना एक ज्वारी काढलेलं रान लागलं. कडेला तीन कडुलिंब, मागे उंचवटा, समोर बघण्यासारखं काहीच नाही. त्याने माझा खांदा दाबून मला थांबवलं.

“झाडं हायती?”

“तीन आहेत.”

“वर बघा.”

मी डालगं खाली ठेवलं आणि कोकरू तसंच काखेत धरून एकेका झाडाखाली जाऊन उभा राहिलो. पहिलं पाहिलं, दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं, मग पुन्हा पहिल्याखाली आलो. पानांखेरीज काही नव्हतं. मेंढरं दाटून उभी होती, ती दोघं पाठीवरच्या आणि डोक्यावरच्या ओझ्यासकट माझ्या तोंडाकडे कान लावून थांबली होती, आणि मला काही केल्या ‘इथं बसा’ एवढे दोन शब्द म्हणवेनात.