विसळलेली बरणी

कॉलेजच्या रसायनशाळेत काकांनी छत्तीस वर्षं बाटल्या धुतल्या. कागदावर हुद्दा चांगला लांबलचक होता, पण काम एवढंच: मुलांनी घाण केलेली काचेची भांडी घासायची, विसळायची, एकेक उजेडाकडे धरून बघायची आणि डाग नसला तर स्वतःशीच म्हणायचं, "चकाचक." मुलांनी त्याचंच नाव करून टाकलं. पुढे प्राध्यापकही त्यांना चकाचककाका म्हणू लागले. काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. निरोपसमारंभात तर त्यांनी स्वतःच आपली ओळख तशी करून दिली आणि टाळ्या घेतल्या.

बायको लवकर गेली होती. एक मुलगी, तिला एक मुलगी. दोघी दोन गल्ल्या सोडून राहायच्या आणि दर रविवारी सकाळी यायच्या. निवृत्तीनंतर मुलीने एकदा नाश्त्यासाठी म्हणून ग्रॅनोलाचा, म्हणजे मधात भाजलेल्या ओट्सचा, खोका आणून दिला. काकांनी आधी खोक्याची मागची बाजू वाचली, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचतात तशी, चष्मा वर करून.

"यात धान्य नावाला आणि साखर गावभर," ते म्हणाले. "हे तर मी घरी करीन."

आणि केलं. पहिली खेप करपली, दुसरी दगड झाली, तिसऱ्या खेपेला मात्र जमलं. ओट्स, बदामाचे काप, अक्रोडाचे तुकडे, भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया, चिमूटभर मीठ. त्यावर तेल आणि मध कोमट करून ओतायचं, हाताने चोळायचं, ट्रेमध्ये पातळ पसरून मंद ओव्हनमध्ये ठेवायचं. मध्ये एकदाच हलवायचं. बाहेर काढल्यावर थंड होईपर्यंत त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, कारण गरम असताना हात लावला की भुगा होतो. काका तेवढा वेळ स्वयंपाकघराबाहेर खुर्ची टाकून बसत. स्वतःवर त्यांचा तेवढाच अविश्वास होता.

नात तीन वर्षांची असताना तिने कुणाच्या तरी घरी बदामाचा एक घास खाल्ला आणि तिचं तोंड सुजलं. डॉक्टरांनी सांगितलं, बदाम, अक्रोड, काजू, यांतलं काही नाही, कणभरही नाही, कधीच नाही. मुलीने आपलं स्वयंपाकघर त्याच दिवशी रिकामं केलं. वडिलांना मात्र ती काही म्हणाली नाही. काकाच म्हणाले, "छत्तीस वर्षं एका बाटलीतला थेंब दुसरीत जाऊ दिला नाही मी. बदामाचा कण कुठे जाऊ देणार?" मुलीने विश्वास ठेवला. ती त्याच बाटल्यांच्या जिवावर लहानाची मोठी झाली होती.

तेव्हापासून खेपा दोन झाल्या. शुक्रवारी काकांची, बदाम-अक्रोडवाली. शनिवारी नातीची, फक्त ओट्स आणि बिया. तिचा ट्रे वेगळा, चमचा वेगळा, फडकंसुद्धा वेगळं. पोरीला कुणाच्याच घरी काही खाता येत नसे. मैत्रिणीच्या वाढदिवसालाही ती आपला डबा घेऊन जायची आणि केक कापला की खिडकीतून बाहेर बघत बसायची. फक्त आजोबांच्या घरी तिला विचारावं लागत नसे. यायचं, गुडघ्याला टेकून उभं राहायचं, आ करायचं. काका एकेक कुरकुरीत तुकडा तिच्या तोंडात घालत आणि सगळ्या जगात ही जागा आपली आहे म्हणून फुशारत. आता फुशारणारच. माणसाला दुसरं होतंच काय?

रसायनशाळेत एक नियम असतो. मापून घेतलेला पदार्थ मिश्रणात ओतला की रिकामं भांडं थोड्या पाण्याने विसळायचं आणि ते पाणीही मिश्रणातच ओतायचं, म्हणजे मापातला थेंबही मागे राहत नाही. काकांनी हा नियम आयुष्यभर बघितला, आणि बघून बघून घरी आणला. तेलाचं भांडं विसळ, दुधाचं पातेलं विसळ, मधाची बरणी तर हमखास विसळ. त्यांच्या घरातून एक थेंब वाया गेला नाही.

त्या शनिवारी नातीच्या खेपेला त्यांनी मधाची नवी बरणी फोडली. शेजारी जुनी बरणी होती, तळाला मध चिकटलेला. हाताने ती उचलली, चमचाभर गरम पाणी घातलं, गोल फिरवलं आणि ओतलं. शुक्रवारी त्याच बरणीत अक्रोडाच्या चुऱ्याने माखलेला चमचा दोनदा बुडाला होता.

रविवारी चौथ्या घासाला नात म्हणाली, "आजोबा, जीभ खाजतेय." मग तिच्या मानेवर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज बसला. मुलीने अशा वेळेसाठी डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन पर्समधून काढून तिच्या मांडीत टोचलं. काका दारात उभे राहून रुग्णवाहिकेला हात करत होते, आणि ती समोर येऊन उभी राहिली तरी करतच होते.

पोर वाचली. दोन दिवस दवाखान्यात राहिली. पहिल्या संध्याकाळी तिच्यासाठी चादर न्यायला काका घरी आले तेव्हा ओट्यावर जुनी बरणी पालथी घातलेली दिसली, धुतलेली, स्वच्छ. काकांना सगळं कळलं.

सांगायला हवं होतं. दवाखान्यात परत गेल्या गेल्या सांगायला हवं होतं. पण मुलगीच म्हणाली, "बाबा, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. त्या दुकानदाराच्या बियांतच बदामाचे कण मिसळले असणार," आणि काका मूग गिळून बसले. पुढच्या आठवड्यात मुलगी दुकानात गेली आणि चार गिऱ्हाइकांसमोर तिने दुकानदाराला फैलावर घेतलं. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं आणि साप दाराशी पिशवी धरून उभा होता.

"ताई, माझे डबे वेगवेगळे आहेत हो," दुकानदार सारखं म्हणत होता. "तुम्ही आत येऊन बघा तरी."

काकांनी घरातले बदाम, अक्रोड, जुनी बरणी, दोन्ही ट्रे, सगळं टाकून दिलं. नात महिनाभर आली नाही. मग मुलीचा फोन आला.

"बाबा, दुसऱ्या दुकानातून बिया आणा आणि करा बघू तिचं. रोज विचारते, आजोबांकडचं कधी? म्हणजे मी रविवारी आणते तिला."

काकांचा जीव सुपाएवढा झाला. नव्या बिया, नवे ओट्स, नवा ट्रे, नवा मध. शनिवारी सकाळी त्यांनी स्वतःला मोठ्याने बजावलं, आज काहीही विसळायचं नाही. ओट्समध्ये बिया मिसळल्या, मध ओतला, चोळला, ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. घरभर खमंग वास सुटला. खुर्ची बाहेर न्यायला म्हणून वळले तर ओट्यावर मधाची बरणी पालथी. विसळलेली.

आपण ती कधी विसळली, हे त्यांना आठवेना. पाणी कधी तापवलं, कुठे ओतलं, काहीच आठवेना. हात आपलं काम करून मोकळे झाले होते. जित्याची खोड म्हणतात ती हीच, आणि ती काही त्यांना विचारून येत नव्हती. आजची बरणी नवी होती, त्यामुळे कुणाचं काही बिघडणार नव्हतं. गप्प बसले असते तर रविवारी पोर गुडघ्याशी येऊन उभी राहिली असती. हा विचार त्यांनी केला, आणि नीट पूर्ण केला. मग ओव्हन बंद करून चप्पल घातली.

मुलीने दार उघडलं. काकांनी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं, जुन्या बरणीचं आणि आजच्या नव्या बरणीचंही.

"म्हणजे तो दुकानदार..." ती म्हणाली.

"त्याचं काही चुकलं नव्हतं गं."

"आणि मी त्याला सगळ्यांसमोर..." ती खाली बसली. "बाबा, दवाखान्यातच का नाही सांगितलंत?"

"तू तिला माझ्याकडे आणणार नाहीस म्हणून."

मुलगी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आणीन मी. आणीनच. पण तुमच्याकडचं काही तिच्या तोंडात जाणार नाही. पाणीसुद्धा नाही."

"बरोबर आहे," काका म्हणाले.

त्याच संध्याकाळी ते एकटेच दुकानात गेले आणि हात जोडले. दुकानदार म्हणाला, "आजोबा, पोर बरी आहे ना? मग झालं तर." शिव्या दिल्या असत्या तर काकांना घरी जाणं सोपं गेलं असतं.

मुलीने शब्द पाळला. रविवारी दोघी आल्या, सोबत नातीचा डबा, पाण्याची बाटली आणि बसायला तिची चटई. काकांनी सकाळपासून तीनदा हात धुतले होते, तरी ते तिच्यापासून चार हात लांबच बसले. आईने आदल्या रात्री तिला घरी ग्रॅनोला करून दिला होता. तो नीट जमला नव्हता, गरम असताना ढवळल्यामुळे त्याचा भुगा झाला होता, पण पोर आवडीने खात होती.

अर्धा डबा संपल्यावर तिने आजोबांकडे पाहिलं.

"तुम्हाला नको?"

"तू खा, बाळ."

"मी देते ना. ओंजळ करा."

काकांनी ओंजळ पुढे केली. पोर उठून उभी राहिली. तिने दोन्ही हातांनी डबा आपल्या छातीएवढा उंच धरला आणि तिथून, एकेक दाणा बघत, सावकाश ओतायला लागली.

"वरून टाकते हं, आजोबा," ती समजावून म्हणाली. "तुमचा हात लागायला नको ना."

"हो गं," काका म्हणाले. "लागायला नको." आणि तिला सोपं जावं म्हणून त्यांनी ओंजळ आणखी खाली नेली.