तेलातला नकाशा

कणकेत तेल घालताना आजही माझा हात क्षणभर थांबतो. लेक सहावीत होती, आम्ही नुकतेच अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोला आलो होतो. शाळेने तिला रशियातला एक दूरचा ग्रामीण जिल्हा दिला होता आणि मीठ घालून मळलेल्या पिठाचा, वाळून कडक होणारा त्याचा उंचसखल नकाशा करायचा होता. पीठ मी मळून दिलं, आणि पोळ्यांच्या सवयीने त्यात सढळ हाताने तेल घातलं. नकाशा वाळलाच नाही. रविवारी सकाळी बघितलं तर टेकडी बसलेली, नदी बुजलेली, गावांचे कागदी झेंडे आडवे पडलेले. “टीचरना ईमेल करते, दोन दिवस मागू,” मी म्हणाले. “नो, आई! मी परत करते. अँड नो ऑइल!” तिने बाह्या वर केल्या आणि एकटीने सगळं पुन्हा मळलं. आधी जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, मग ग्रामपंचायतीसारखी ऑफिसं असलेली गावं, असा एकेक झेंडा उभा राहिला. शेवटी नदीपलीकडचं दहा-बारा घरांचं गाव उरलं. “ते राहू दे गं, कोण बघतंय?” मी म्हणाले. “लोक राहतात तिथे, आई,” म्हणत तिने झेंडा घट्ट रोवला. वर्गातल्या तालुक्याच्या नकाशात आपलं गाव नाही म्हणून गुरुजींशी भांडलेली मुलगी एकेकाळी मीच होते.