जेबाची लढाईची वही

अमरावतीचं साईनगर आलं तरी जेबा बोलेना. बडनेरा स्टेशनावर उतरल्यापासून ती सीमाबाईंच्या चार पावलं पुढं, चपला आपटत चालली होती. चैत्रातलं चार वाजताचं ऊन, चपलेतूनही तळव्याला डांबर कळत होतं. मागून येणारा प्रत्येक ऑटोवाला हळू होऊन विचारी, "राजापेठ, राजापेठ?" आणि जेबा त्याच्याकडे अशी बघे की तो निमूट पुढं जाई.

"जेबा, बसू ना ऑटोत. माझे गुडघे बघ जरा."

"तुमी बसा, बाई. मी आता कुठं बी बसली तर फुटीन."

सीमाबाई बसल्या नाहीत. अकोल्याहून येताना गाडीत दोघी समोरासमोर बसल्या होत्या आणि दीड तास पोरगी खिडकीबाहेर बघत राहिली होती. तिला रस्त्यात एकटी सोडून आपण आरामात घरी जायचं, एवढं तोंड दुपारच्या प्रकारानंतर बाईंना उरलं नव्हतं.

जेबा ही गुलाम नबी पिंजाऱ्याची धाकटी. गाद्या-रजया भरणारं घर. थंडीच्या तोंडावर गुलाम नबी खांद्यावर धुनकी टाकून गल्लोगल्ली फिरत. धुनकी म्हणजे लांब लाकडी कमान, तिला ताणून बांधलेली तात, आणि तातेवर मारायचा दस्ता. दस्ता बसला की तात घुमायची आणि दबलेला कापूस फुलून वर उडायचा. पोरगी मराठी शाळेत सीमाबाईंच्या वर्गात होती. सातवीत कोणी तरी तिच्या बापाला 'ए कापूस' म्हटलं, तर हिनं त्याला कंपासपेटी फेकून मारली. बाईंनी माफी मागायला सांगितली. तिनं काही मागितली नाही. शाळा सुटेपर्यंत बाकावर उभी राहिली, डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही.

पुढं बाप खोकल्यानं अंथरुणाला टेकला आणि दोन वर्षांत गेला. जेबा राजकमल चौकाजवळच्या एका गेम पार्लरमध्ये काउंटरवर लागली. मालक ओमप्रकाश. त्याचं एक दुकान अमरावतीत, दुसरं अकोल्यात. मोठे टीव्ही, गुबगुबीत खुर्च्या, तासावर खेळायचं.

तिथं एक जपानी सामुराईचा खेळ होता. हातात तलवार, समोर लाकडी पूल, पुलावर पहारेकरी. खेळ असा कडवा की चांदूर रेल्वेहून, धामणगावाहून हौसेनं आलेली कॉलेजची मुलं पाच मिनिटांत सात वेळा मरत, शिव्या देत आणि परत म्हणून येत नसत. पडद्यावरची माहिती सगळी इंग्रजीत. जेबानं रिकाम्या वेळात स्वतः खेळून पाहिलं. मेली, पुन्हा मेली, शेकडो वेळा मेली, आणि मरता मरता एका दोनशेपानी वहीत लिहायला लागली. ती वही तिनं काउंटरला सुतळीनं बांधून ठेवली. नवा माणूस आला की आधी वही, मग खेळ.

शुद्धलेखन तपासायला ती वही दोनदा सीमाबाईंकडे आली होती. बाईंना त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण संध्याकाळचा दिवा लावून वाचायला बसल्या त्या उठल्याच नाहीत.

"आपल्याकडची पोरं आखाड्यात लाठी शिकलेली असतात," जेबानं लिहिलं होतं. "लाठी फिरती ठेवा, थांबू नका, हेच त्यायले ठाऊक. इथं तलवार फिरती ठेवाल तर मराल. खाली हिरवी पट्टी दिसते तो तुमचा दम. प्रत्येक वारासंगं तो कमी होते. पुरा संपला की तुमचा माणूस धापा टाकत उभा राहते, अन् तेवढ्यात समोरचा तुमाले कापते. म्हणून एका वाराचा दम नेहमी अंगात ठेवा."

दुसऱ्या पानावर होतं, "आधी मारूच नका. वार अडवत उभे राहा अन् पाहा. पहारेकऱ्याचा खांदा आधी हलते, तलवार मागून येते. तलवारीकडे पाहाल तर उशीर झाला. मागं पळू नका, बाजूला सरका. दोघं आले तर दाराच्या चौकटीत उभे राहा, म्हणजे एकएकालेच येणं पडते. औषध त्याच्या तोंडासमोर पिऊ नका, त्याचा वार हुकला की प्या. अन् मेल्यावर रागारागात लगेच परत जाऊ नका. पाणी प्या." त्याखाली कंसात लिहिलं होतं, "हे मले स्वतःले कधी जमलं नाही."

आणि समोरच्याचा वार नेमका कधी परतवायचा, ते सांगताना तिनं बाप आणला होता. "माझे अब्बा धुनकीवर कापूस पिंजत. तात घुमत असतानी दुसरा ठोका मारला तर कापसाच्या गाठी होतात. घुमणं उतरू लागलं की मारायचा. इथं बी तसंच. घाई केली की गाठ."

बाईंनी लाल पेनानं 'तुमाले'चं 'तुम्हाला' केलं, तर पोरीनं ते खोडून पुन्हा 'तुमाले' लिहिलं. "पोरायले हेच समजते, बाई." बाई हसल्या होत्या.

मागच्या महिन्यात ओमप्रकाशनं इंटरनेटवर व्हिडिओ टाकला, नवशिक्यांनी लढावं कसं. चेहरा त्याचा, आवाज त्याचा, शब्द जेबाचे. खांदा, दम, चौकट, पाणी, सगळं. धुनकीही होती. फक्त ती आता ओमप्रकाशच्या आजोबांच्या घरची झाली होती. खाली लोक लिहीत होते, 'धन्यवाद सर', 'सर, तुमच्यासारखं कोणी शिकवत नाही.' आणि काउंटरवरची वही सुतळीसकट नाहीशी झाली होती.

म्हणून आज दोघी ओमप्रकाशला गाठायला अकोल्याच्या दुकानात गेल्या होत्या. "सोबत चला, बाई," जेबा म्हणाली होती. "तुमी असल्या की तो नीट बोलंन."

"भाऊ, व्हिडिओखाली एक ओळ टाका," जेबानं सरळच सांगितलं. "जेबा गुलाम नबी, अमरावती. बस."

ओमप्रकाश गोड हसला. "बेटा, तुझ्याच भल्यासाठी नाई टाकलं. पोरीचं नाव दिसलं की लोक काय काय लिहितात, ठाऊक नाई का तुले? अन् त्यात तुझं नाव..."

"माझं नाव काय?"

"जाऊ दे ना."

"नाई, बोला. जेबा नावाले काय झालं?"

दुकानातली आठ-दहा मुलं खेळ थांबवून बघायला लागली. जेबानं शेजारच्या टेबलावरचा खेळायचा रिमोट उचलला आणि त्याच्यापुढं धरला.

"घ्या. सर हायत ना तुमी? पुलावरचा पयला पहारेकरी मारून दाखवा."

इतक्या लोकांसमोर नाही म्हणता येईना. ओमप्रकाश बसला आणि त्यानं धडाधड बटणं दाबली, अगदी लाठी फिरवल्यासारखी. पट्टी रिकामी झाली, सामुराई धापा टाकत उभा राहिला आणि कापला गेला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मागून कोणीतरी ओरडलं, "सर, खांदा पाहा, खांदा!"

"तुमच्याच व्हिडिओत हाय, सर!"

दुकान हसलं. ओमप्रकाशचे कान लाल झाले. त्यानं रिमोट ठेवला. "खेळणं येगळं, शिकवणं येगळं. अन् वही हिची कशावरून? दाखव बरं, कुठं हाय वही?" मग तो सीमाबाईंकडे वळला, अगदी अदबीनं. "मॅडम, तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा. तुमी पायली का अशी काही वही?"

पानोपान लाल शाई बाईंची. सगळं दुकान त्यांच्याकडे बघत होतं. बाईंच्या तोंडातून निघालं ते असं, "जाऊ द्या हो. भांडण नको. देव बघतो सगळं."

"बघा! मॅडम समजदार आहेत," ओमप्रकाशनं हात जोडले. जेबा दुकानाबाहेर पडली.

आता नवाथे चौकाच्या अलीकडं ती एकदम थांबली आणि मागं वळली.

"तो चोर हाय. चोर चोरी करते, त्याचं काय नवल? तुमी काहून गप्प बसल्या?"

"मला भांडण जमत नाही ग."

"भांडण मी करून राहिली होती! तुमाले फक्त 'हाव, पायली' म्हणायचं होतं. दोन शब्द."

"तिथं इतकी मुलं... उगाच तुझंच नाव खराब झालं असतं."

"तो बी हेच बोलला, बाई." जेबाचा आवाज फाटला. "सबन लोकायले माझ्या नावाची लय काळजी. म्हणून कोणी घेतच नाई ते."

बाईंनी मनातल्या मनात अंबामायचं नाव घेतलं, पण आज त्या नावानंही धीर आला नाही. "थोडं थांब," त्या कशाबशा म्हणाल्या. "तूच लिहिलंस ना, थांबा, पाहा, मग मारा..."

"तो खेळ हाय! तिथं मेलं की परत पुलावर उभं करते. इथं माझा बाप मेला तो मेला. त्याची धुनकी त्या माणसाच्या आजोबाची झाली, अन् मी थांबू? कशासाठी थांबू?"

शेजारून एक ऑटो हळू झाला. या वेळी सीमाबाईंनीच त्याला हातानं पुढं जा म्हटलं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"हाव, चुकलं." जेबानं ओढणीनं तोंड पुसलं. तिचा राग उतरला नव्हता, आणि उतरावा असं आता बाईंनाही वाटेना. "देव पायते, हे मी बी मानते. पण तो कोणाले लिहून देत नाई. तुमाले लिहिता येते. त्या महिला मंडळाच्या अंकात लिहिता ना दरसाली? तिथं लिहा. माझं पुरं नाव, बापाच्या नावासकट. अन् मले गरीब बिचारी करू नका. मी रागात होती, रागातच लिहा."

"लिहीन."

"अन् त्या दुकानात तुमाले काय इचारलं अन् तुमी काय बोलल्या, ते बी लिहा. जसंच्या तसं."